सामाईक माळ

१७ ऑगस्ट २०२५, रविवार

सही केली नाही!

शिवतेज आला होता, दादाचा थोरला. म्हसवडजवळच्या आमच्या गावाहून पहाटे मोटारसायकलवर निघालेला, साडेनवाला सांगलीत माझ्या दारात. पिशवीत वहिनीनं दिलेली मटकी आणि बाजरीचं पीठ, आणि बगलेत एक प्लास्टिकचं फोल्डर. मी थालीपिठं लावली. चार खाल्ली पोरानं. मग हात पुसले, फोल्डर उघडलं.

"आत्ती, निस्ती सही करायची हाय. तीन ठिकानी. मग एक दिवस दहिवडीला कचेरीत यायचं, झालं."

"कसली रे?"

"माळाची गं. तात्या म्हनलं, आत्ती न्हाई म्हनायची न्हाई."

बापाला तात्या म्हणतो तो. वाचायला घेतलं. हक्कसोडपत्र. 'लिहून देणार, सुलाबाई, मयत धुळा यांची मुलगी.' पुढं 'स्वखुशीने', 'विनामोबदला', 'कायमचा'. सदतीस वर्षं नर्सची नोकरी केली, डॉक्टरांची कसलीही अक्षरं वाचली. हे तर टाइप केलेलं होतं. तरी दोनदा वाचावं लागलं.

माळ चौदा एकर. सोलरवाल्यांना पाहिजे आहे. कुसळाशिवाय काही उगवत नाही तिथं, पण ऊन आहे ना! उन्हाला गिऱ्हाईक आलंय. दादाला सगळा माळ द्यायचाय. आणि सातबाऱ्यावर त्याच्या नावाखाली माझं नाव आहे. आबा गेले तेव्हा वारस म्हणून लागलेलं. आई असेपर्यंत तिचंही होतं. आता आम्ही दोघंच.

म्हटलं, चष्म्याचा नंबर बदललाय, नीट दिसत नाही, ठेवून जा. खोटं बोलले. शिवतेजला ते कळलं, हेही मला कळलं.

"दादा स्वतः का नाही आला?"

"मग मेंढरं कोन राखनार?"

बरोबर आहे. मेंढरं कोण राखणार.


१८ ऑगस्ट

चष्मा अगदी ठीक आहे. तिन्ही पानं परत वाचली.


२० ऑगस्ट, बुधवार

दोन दिवस दुसरं काही सुचत नाही. डोळ्यांपुढं माळच.

दिवाळी झाली की आमचं बिऱ्हाड निघायचं. घोड्यावर भांडीकुंडी, घोंगडी, कोकरं, आणि चालता न येणारं पोर असेल तर तेही. म्हसवडच्या सिद्धनाथाला नारळ फोडायचा आणि मेंढरांमागं पश्चिमेला चालायचं. कोकणात लोकांच्या शेतात मेंढरं बसवायची, त्यांना खत, आम्हाला भात. वैशाख सरला की परत. सात महिने पाठीला आभाळ.

पण परत येताना! मायणीच्या पुढं आलो की घोडंच आधी ओळखायचं. कान टवकारायचं आणि पाय उचलायचं. मग मेंढरं. मग आबा. एरवी आबा कधी घाई करत नसत, त्या शेवटच्या दोन कोसांत मात्र आम्हाला पळावं लागायचं त्यांच्या मागं. माळावर आलं की ते खांद्यावरचं घोंगडं खाली टाकायचे, पागोटं काढायचे आणि तसेच बसायचे, बराच वेळ. कुणाशी बोलायचे नाहीत. आई तीन दगड मांडायची. झालं घर.

दादा वाटेत जन्मला, पाटणच्या पुढं कोयनेच्या काठाला. आईनं दुपारी त्याला जन्म दिला आणि तिसऱ्या दिवशी बिऱ्हाड पुढं निघालं. मी मात्र माळावर जन्मले. आषाढात. आबा गमतीनं म्हणायचे, "कोंडीबा वाटंचा, सुला घरची."

घरची! आणि माझ्याकडंच घर सोडल्याचा कागद पाठवलाय.


२२ ऑगस्ट, शुक्रवार

संयोगिता वकिलीणबाईंकडं गेले. बाई कसली, चौतीसची पोर. आमच्याच वॉर्डात जन्मली. मीच तिला पहिल्यांदा धुतलं, उलटी धरून पाठीवर थाप मारली, तेव्हा रडली. तिची आई ते सगळ्यांना सांगते, त्यामुळं फी घेत नाही म्हणते. मी म्हटलं, घ्यायची.

तिनं कागद वाचले, सातबारा मोबाइलवरच काढला.

"सिस्टर, वाटणी झालीये का कधी?"

"नाही."

"मग चौदा एकरांतला एकेक दगड दोघांचा आहे. हा भाग त्यांचा, हा तुमचा, असं कुणालाच म्हणता येत नाही. भाऊ त्यांचा अर्धा हिस्सा विकू शकतात. तुमचा नाही. आणि त्यांचासुद्धा बाहेरच्याला द्यायच्या आधी तुम्हाला विचारायला पाहिजे. वडलांच्या मिळकतीत बरोबरीच्या वारसाला घ्यायचा पहिला हक्क आहे. किंमत जुळली नाही तर कोर्ट ठरवतं."

"आणि मी काहीच केलं नाही तर?"

"अर्धाच हिस्सा, तोही न वाटलेला, कुठली कंपनी घेईल? म्हणून तर हा कागद आलाय तुमच्याकडं."

मग म्हणाली, नोटीस पाठवू, भावाला एक आणि सोलरवाल्यांना एक. मी नको म्हटलं. नोटीस! दादाला! चार दिवस विचार करते म्हणून उठले.

घरी चालतच आले. हक्क आहे हे ऐकून आनंद व्हायला हवा होता ना?


२७ ऑगस्ट, गणेश चतुर्थी

माझी शिवांजली पुण्याहून यायची होती, सुट्टी मिळाली नाही. फोनवर आरती केली दोघींनी. मग माळाचं सांगितलं.

"आई, तुला ते माळरान करायचंय काय? मामाला म्हण अर्धे पैसे दे, आणि सही कर."

"पैशासाठी नाही गं."

"मग कशासाठी?"

 ती माळावर एकदाच आली होती, सहा वर्षांची असताना. चपलेत कुसळं गेली म्हणून रडली होती.


३ सप्टेंबर

दादाला पाच वेळा फोन केला. उचलत नाही. वहिनी उचलते आणि म्हणते, "रानात गेल्याती." वहिनीला खोटं बोलता येत नाही. मागं दादाचा खोकला ऐकू येतो.

नोटीस पाठवायला सांगितली.


९ सप्टेंबर, मंगळवार

शिवतेजचा फोन. "आत्ती, वकिलाची नोटीस? आमच्या घराला? पोस्टमननं चावडीसमोर तात्यांची सही घ्येतली! सोलरवालं म्हनत्यात, आधी घरातलं मिटवा, मग या. लय भारी काम केलंस!"

"शिवतेज, ऐक —"

"माहेर पायजे का माळ पायजे, ठरीव तुझं तू."

ठेवला.

मी कुकर लावला होता. शिट्ट्या किती झाल्या कळलं नाही. डाळ करपली.


१३ सप्टेंबर

उद्या जाते. बोलावलेलं नाही. माहेरी जायला बोलावणं कधीपासून लागायला लागलं?


१५ सप्टेंबर, सोमवार

काल जाऊन आले. जसं झालं तसं लिहिते.

सहाची विट्याची एसटी, तिथून म्हसवड, फाट्यावर उतरून अडीच किलोमीटर चालत. सरी येऊन गेल्या होत्या, माळ चक्क हिरवा. गुडघ्याएवढं गवत, वाऱ्यानं एका बाजूला निजलेलं. टिटव्या ओरडत होत्या. मला वाटलं, आई येईल समोरून डोक्यावर घागर घेऊन. खरंच वाटलं. थांबून राहिले.

दादा उतारावर बसला होता, काठीवर हनुवटी टेकवून. मेंढरं चाळीस असतील नसतील. आबांच्या वेळी दोनशेवर होती. त्यानं मला लांबूनच पाहिलं, उठला नाही.

"नोटीस पोचली," म्हणाला. "आता सोता आलीस व्हय?"

मी शेजारी बसले. दगड गार होता. काय बोलायचं ते एसटीत पाठ केलं होतं, सगळं गेलं.

"दादा, आपला माळ आहे रे हा. आबा इथं बसायचे. आई —"

"तुला माळ आठीवतोय, सुले. मला रोज दिसतोय." काठीनं समोर दाखवलं. "त्या अंगाला गेल्या साली लांडग्यानं अकरा कोकरं मारली. तितं पाऊस आला न्हाई तर सा म्हैने टँकर. आन् कोकनात आता कोन इचारतंय? पैलं लोक वाट बगायचं आमची. आता कुंपनं घाटल्यात. रस्त्यानं चाललं तर गाडीवालं शिव्या देत्यात. दोन सालामागं टरकनं तेवीस मेंढरं चिरडली, शिरवळच्या फुडं. म्या रस्त्यात बसून रडलो. चौसष्टाव्या वर्सी."

मला हे माहीतच नव्हतं. दोन वर्षं! मी दर दिवाळीला फोन करत होते.

"आता चालायचं न्हाई मला. म्हसवडात दोन खोल्या घ्यायच्या, नळ असल्याल्या. तुजी वैनी बासट वर्सांची हाय, तिनं आजपतूर नळाखाली हंडा लावला न्हाई."

मग मी ते बोलले. बोलायला नको होतं का, अजून कळत नाही. म्हटलं, "दादा, तुझा हिस्सा मी घेते. माझे निवृत्तीचे पैसे आहेत. कायद्यानं पहिला हक्क माझा आहे."

तो वळला माझ्याकडं. "तू? माज्याकडनं इकत घेनार? भनीनं?"

"परक्याला विकतोस, मग मला का नाही?"

"परक्याला इकली तर जमीन जाती. तुला इकली तर म्या तुज्या दारात राखन्या हुतो."

 एक मेंढी खोकत होती, अगदी माणसासारखी. मग तो हळूच म्हणाला, रागानं नाही, आणि म्हणूनच ते अजून टोचतंय —

"अर्दा अर्दा म्हनतीस. दुष्काळ पडला, गडी निगून गेला, तवा आबांनी दोगांतल्या एकाला शाळंत ठिवलं. तुला. दुसरं मेंढरामागं गेलं. तुजा हिस्सा तवाच दिल्याला हुता, सुले. आमी न्हाई मोजला. तूच मोजाय लागलीस."

वहिनीनं बाजरीची भाकरी आणि हुलग्याचं माडगं वाढलं. दादा जेवायला आला नाही. शिवतेज फाट्यावर सोडायला आला, चार पावलं पुढंच चालत. एसटी आली तेव्हा मात्र माझी पिशवी त्यानंच वर चढवून दिली.


१६ सप्टेंबर

आमी न्हाई मोजला.


१९ सप्टेंबर, शुक्रवार

काय खोटं बोलला तो? काहीच नाही.

तेव्हा मी नऊची, दादा बाराचा. चौथीत होता आणि हुशार होता, माझ्यापेक्षा जास्तच. गुरुजी माळावर आले होते आबांना सांगायला, पोरगं लांब जाईल. आबा म्हणाले, "लांबच जायचं हाय त्येला, कोकनात." सगळे हसले. दादाही हसला. मीही.

निघायच्या दिवशी त्यानं पाटी माझ्याकडं दिली. त्याची पाटी अखंड होती, माझ्या पाटीचा कोपरा फुटलेला. पाटीवर सतराचा पाढा लिहिलेला. म्हणाला, "फुसू नको, मी आल्यावर परत म्हननार हाय."

सात महिन्यांनी आला तेव्हा पाढा विचारलाच नाही. अंगाला मेंढरांचा वास, आवाज फुटलेला, आणि आबांसारखा कमी बोलायला लागलेला. मी वसतिगृहात, जूनमध्ये शाळा उघडेपर्यंत थोडे दिवस माळावर. पाहुणीसारखी. मला माळ सुट्टीचा माहीत आहे. पाऊस पडून गेलेला, कोकरं बागडणारी, आबा घरी असलेले. चैत्रातला माळ मी आयुष्यात पाहिलेला नाही. एकदाही!

आणि तरी मी जन्मले तिथं. आई तिथं गेली. मी सोडूनच द्यायचं का ते? शिकवलं म्हणून? दादाला दोन पोरं झाली, दोघांना शिकवलं, त्यांना कुणी म्हणालं का की तुमचा हिस्सा फिटला?

दोन्ही खरं आहे. दोन्ही एका वेळी कसं खरं असतं?


२४ सप्टेंबर

संयोगिताला विचारलं, कोर्टात न जाता, विकत न घेता, सही न करता, काही वाट आहे का?

"आहे की," म्हणाली. "वाटणी करा. मोजणी आणून सात-सात एकर वेगळे. मग त्यांचे सात त्यांनी विकावेत, तुमचे तुम्ही ठेवावेत. पण दोघं राजी पाहिजेत."

दादाला फोन लावला. यावेळी उचलला! मी भराभर सगळं सांगितलं, तो मध्ये बोलेल या भीतीनं.

मागं मेंढरांच्या घंटा वाजत होत्या.

"ये दसऱ्यानंतर," म्हणाला. "माळ चालून बगू."


५ ऑक्टोबर, रविवार

आज चालून आलो. एसटीत बसून लिहितेय, अक्षर नाचतंय.

दादा, मी, आणि मागून शिवतेज मोबाइलवर नकाशा बघत. सबंध हद्द चाललो. साठ वर्षांत आम्ही दोघं असे नुसते कधी चाललो नव्हतो, मेंढरांशिवाय. पहिल्यांदा कसंनुसं झालं. मग दादाच बोलायला लागला. इथं आबांनी लांडगा काठीनं हाणला. इथं घोडी व्याली. या खड्ड्यात तू पडलीस आणि आईनं मला मारलं! मी म्हटलं, मला ढकललं होतंस. "व्हय, ढकललं हुतं," म्हणाला. एकोणसाठ वर्षांनी कबूल केलं!

गजीच्या ढोलाची जागा दाखवली. सगळी बिऱ्हाडं परत आली की एक दिवस इथं माणसं रिंगण करून नाचायची, पांढरे झगे, हातात रुमाल. आबा नाचताना अगदी वेगळेच दिसायचे. हलके. मी आईच्या मांडीवरून बघायची. आई म्हणायची, "बग तुजा बा, कसा पोरावानी झालाय."

शेवटी माथ्यावर आलो. दादा थांबला.

"सुले, तू पैली निवड."

"थोरला तू आहेस."

"थोरल्यानं मागनं घ्यायचं असतंय. निवड."

खाली पश्चिमेला रस्त्याकडची बाजू. सपाट, गाडी जाते, विजेचे खांब जवळ. सोलरवाल्यांना तीच पाहिजे. पूर्वेची बाजू खडकाळ, उताराची, वाट नाही. मी पूर्वेकडं हात केला.

शिवतेजनं मोबाइलवरून मान वर केली. दादा बघत राहिला माझ्याकडं.

"तितं काय हाय, येडे? दगडं."

"मला दगडच पाहिजेत."

मग तो हसला. पुढचे दोन दात नाहीत आता. लहानपणी पडले होते तेव्हा असाच दिसायचा.

शिवतेज एसटीपर्यंत आला. म्हणाला, "आत्ती, त्या दिवशी फोनवर बोललो ते... " मी म्हटलं, "मटकी संपलीये, वहिनीला सांग."


७ ऑक्टोबर

सोलरवाले सात एकरांवर तयार आहेत! संयोगिता वाटणीपत्र करायला घेतेय. जुने फेरफार मागवलेत, आबांच्या आधीपासूनचे. म्हणाली, एकदा मुळापासून बघितलं की पुढं कटकट नाही.

कित्येक दिवसांनी नीट झोप लागली.


१६ ऑक्टोबर, गुरुवार

दादा सांगलीला आला. आयुष्यात पहिल्यांदा! पांढरं धोतर, धुतलेला सदरा, नवी टोपी. माझ्या बैठकीत कोचाच्या अगदी कडेला बसला. फ्रीज उघडून आत बघितलं, लावून टाकला. मी पुरणपोळी केली होती. तीन खाल्ल्या.

चार वाजता संयोगिताकडं. वाटणीपत्र तयार होतं. पण ती आमच्याकडं न बघता कागद खालीवर करत राहिली.

"सिस्टर, आजोबा कधी गेले तुमचे? जोतिबा?"

"मला आठवत नाहीत. मी फार लहान होते."

"सदुसष्टचा फेरफार आहे. जोतिबा मयत. वारस दोन लिहिलेत. मुलगा धुळा. आणि मुलगी हौसा, तिच्यापुढं कंसात 'मयत'."

"हो," म्हटलं. "आबांची धाकटी बहीण. देवी आल्या, त्यात गेली. आबा सांगायचे. तिचं नाव काढलं की आई उठून जायची."

दादा पायांकडं बघत होता.

"मयताची तारीख नाही, दाखला नाही," संयोगिता म्हणाली. "म्हणून विचारलं."

"ती मेल्याली न्हाई," दादा म्हणाला.

मला वाटलं मी चुकीचं ऐकलं.

"म्या पंदरा-सोळाचा असंन. त्या साली कोकनात न्हाई, आबा जतच्या अंगाला गेलं. एक बाई आली मेंढरापाशी. डोईवर दुरडी, पोरगं काकंला. आबांच्या म्होरं हुबी ऱ्हायली. म्हनली, 'धुळ्या, म्या जित्ती हाय रं. हात लावून बग.' आबांनी मान वर केली न्हाई. आयनं दुरडी उतरून घ्येतली. भाकरी हुत्या. आय रडत हुती. बाई गेली."

"आणि तू —"

"आयनं सांगितलं फुडं. आत्तीचा नवरा हिस्सा मागाय आला हुता. भांडान झालं. मग आबांनी तलाठ्याला जाऊन सांगितलं, भन मेली. तवा कोन दाखला मागतंय?" टोपी काढून मांडीवर ठेवली त्यानं. "आयनं शपथ घातली, सुलीला सांगू नगो. तिचा बा तिला देव हाय."

संयोगितानं पाण्याचा पेला पुढं सरकवला. मी घेतला नाही.

"शंभर-दोनशे एकर न्हवं गं, चौदाच एकर. तेवढ्यासाटी." दादानं टोपीची घडी घातली. "म्हनून म्या तुज्याफुडं कागद धाडला, सुले. फुकटात मागितलं, चुकलं आसंल. पर कागद धाडला. तुला मेल्याली न्हाई लिवली."

वाटणीपत्र तसंच राहिलं टेबलावर.

संयोगिता हळूच म्हणाली, "आजोबा छप्पन्न सालानंतर गेलेत. वारसाहक्काचा कायदा आला होता. मुलीचा हक्क होता. इतक्या वर्षांनी कोर्टात काय टिकेल ते वेगळं. पण होता."


१७ ऑक्टोबर

दादा पहिल्या गाडीनं गेला. जाताना म्हणाला, "नव्वदीच्या घरात असंल आत्ती. आसंल तर."

दिवसभर आबांना आठवायचा प्रयत्न करतेय. पागोटं काढून बसलेले, गप्प. मला वाटायचं देवाचं नाव घेत असतील.

मी त्यांचीच मुलगी, तेही घरची! हौसाआत्तीही तिथलीच, कुणाची तरी घरचीच होती ना?


१९ ऑक्टोबर

दादाला सांगितलं, सोलरवाल्यांना थांबायला सांग. मला वाटलं चिडेल. म्हणाला, "कालच सांगितलं. शिवतेज गाडी बगतोय जतला जायाला."

वहिनीच्या नळाचं काय, विचारलं. "साट वर्सं न्हवता, आनी चार म्हैने न्हाई."


२९ ऑक्टोबर, बुधवार

जतवरून दादाचा फोन. मागं एका म्हातारीचा आवाज, बारीक पण खणखणीत, कुणाला तरी चहात साखर जास्त घालायला सांगत होता.

"हाय गं, सुले. एकोननव्वद वर्सांची. पैलं काय इचारलं ठाव हाय? 'धुळ्यानं धाडलं का तुमाला?' म्या व्हय म्हनलो."

  मग त्यानं विचारलं, "आता कागदावर सह्या किती लागतील?"

"तीन," म्हटलं.